आजारी ससा, हलका खिसा आणि आपली ससेहोलपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीव मुठीत धरून होणाऱ्या धावपळीला मराठीत ससेहोलपट म्हणतात. शब्द सशाच्या नावावर आहे, पण घरातला ससा आजारी पडला की होलपट होते ती पाळणाऱ्याची. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षं ससे आहेत. खारीक गेल्या वर्षी गेला, आठ वर्षांचा होऊन. बुंदी सहा वर्षांची आहे आणि हे लिहिताना टेबलाखाली वर्तमानपत्र कुरतडते आहे. ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे फोन करतात, रडतात, तेच तेच विचारतात. त्यांच्यासाठी ही उत्तरं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं प्रमाण इथे मिळणार नाही.

ससा सकाळपासून काही खात नाहीये. उद्यापर्यंत वाट पाहिली तर चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते मंदावलं की आतलं अन्न सुकून घट्ट होतं, वायू धरतो, पोट दुखतं. पोट दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. त्यात सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे वरून सुटका नाही. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंड्याही नाहीत, तर ती तातडीची वेळ समजायची. एक-दोन दिवसांत ससा जाऊ शकतो.

खारीकने पहिल्यांदा खाणं सोडलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. पुदिन्याची काडी नाकाशी धरली, त्याने तोंड फिरवलं. मी म्हटलं, रुसला असेल. सकाळी ऑफिसची घाई, दुपारी मीटिंग. डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि अंग गार पडायला लागलं होतं. तीन दिवस दवाखान्यात, सलाईन, एक्स-रे, भरवणं, सगळं मिळून अकरा हजारांच्या वर गेलं. पुढच्या वर्षी तेच झालं तेव्हा चार तासांत गेलो आणि साडेनऊशे रुपयांत घरी आलो. आजार तोच, ससा तोच.

तेव्हापासून स्वयंपाकघरात एक वही आहे, सशांचं वजन, लेंड्या आणि खर्च लिहायची. तिचा उल्लेख पुढे सारखा येईल, कंटाळू नका.

रात्रीचे दोन वाजलेत. सगळं बंद आहे. तोवर काय करू?

आधी अंग पाहा. कान बर्फासारखे गार असतील, ससा पाय मुडपून पोटाशी आवळून बसला असेल, तर ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाखाली नको. त्याला हवं तेव्हा सरकता आलं पाहिजे. डिजिटल थर्मामीटर घरात असेल आणि डॉक्टरांनी पूर्वी दाखवलं असेल तर गुदद्वारातून ताप मोजा. सशाचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०४ फॅरनहाइट असतं. आपल्याला ज्याची चिंता वाटेल तो आकडा त्याचा रोजचा. १०० च्या खाली गेलं तर मात्र दिवस उजाडायची वाट पाहू नका, चोवीस तास उघडं असलेलं जे मिळेल तिथे न्या. दवाखान्यात येताना गार पडलेले ससे दगावण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

सिरिंजने भरवायचं की नाही, हा अवघड प्रश्न. पोट मऊ असेल, ससा शुद्धीवर असेल, गिळत असेल तर थोडं थोडं भरवलेलं चांगलं. पोट ढोलासारखं ताणलेलं असेल, सगळं अचानक झालं असेल, ससा लोळागोळा झाला असेल तर भरवू नका. आत अडथळा असू शकतो आणि वरून ढकललेला प्रत्येक घास त्रास वाढवेल. डॉक्टरांना फोटो आणि व्हिडिओ पाठवून ठेवा. बरेच जण सहा वाजता का होईना, उत्तर देतात.

त्याला दुखतंय हे ओळखायचं कसं? तो ओरडत नाही, काही नाही.

ओरडणारच नाही. ज्याच्या मागे रानात लांडगा, घार, माणूस सगळेच, त्याने दुखणं दाखवलं की संपलाच. म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो आणि आपल्याला वाटतं, काल तर ठीक होता.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत मांडली. त्यात पाच जागा पाहतात: डोळे बारीक झालेत का, गाल आत गेलेत का, नाकपुड्यांचा गोल आकार टोकदार झालाय का, मिशा ताठ झाल्यात का, कान मागे मिटलेत का. घरी याचा उपयोग करायचा तर ससा बरा असताना त्याच्या चेहऱ्याचे चार-पाच फोटो काढून ठेवा. तुलनेला बरा चेहराच हवा.

याशिवाय दात करकर वाजवणं. लाड करताना हलकी कुरकुर येते ती सुखाची. कोपऱ्यात एकटा बसून जोरात करकरतो ती दुखण्याची. हनुवटी ओली राहत असेल, लाळ येत असेल तर दाढांकडे संशय. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. दाढा सरळ झिजल्या नाहीत की त्यांना टोकं येतात, ती जिभेत आणि गालात रुततात. ससा गाजराकडे धावतो, तोंडात घेतो, टाकून देतो. घरचे म्हणतात, नखरे.

आमचे डॉक्टर कुत्र्यामांजरांचे आहेत. ते सशाला चालतील का?

काही अगदी उत्तम चालतात, काही नाही, आणि पाटीवरून कळत नाही. शहरात ‘एक्झॉटिक’ प्राण्यांचे, म्हणजे कुत्रा-मांजर सोडून इतर पाळीव प्राण्यांचे, डॉक्टर म्हणून विचारा. गावाकडे गुरांचे डॉक्टर असतात. त्यांनी सशाला हात लावलेला नसतो, पण फोनवर दुसऱ्याला विचारून करायची तयारी असेल तर तो माणूस धरून ठेवा.

ससा बरा असतानाच फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या. एक, ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायला सांगता का? बरोबर उत्तर ‘नाही’ हे आहे. त्याला उलटी होतच नाही, आणि उपाशी ठेवलं की आतडं थांबतं. दोन, सशाला तोंडावाटे कोणती अँटिबायोटिक देत नाही? अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही नावं आली की खुर्ची ओढून बसा, माणूस जाणकार आहे. ही औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात, आणि सर्दीवर दिलेल्या गोळीने ससा जुलाबाने जातो.

हे डॉक्टरांची परीक्षा घेतल्यासारखं वाटतं, मान्य आहे. जरा लाजत विचारा, पण विचारा.

घरात लहान मुलांची औषधं आहेत. त्यातलं थोडं देऊन पाहू का?

नको. वरचं अमॉक्सिसिलिन आपल्याकडे प्रत्येक फ्रिजच्या दारात अर्धी बाटली पडलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगते. तसंच कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा स्प्रे किंवा थेंब: सशाला ते जिवावर बेततं. डबीवरचं बारीक अक्षर वाचा. कानात, नाकावर, पंजांवर पांढरट खपली धरली असेल तर ती बहुधा खरूज आहे आणि तिच्यावर स्वस्त, चांगली औषधं डॉक्टरांकडे असतात. एका भेटीचं काम असतं, तिथे हळद-तेल लावून महिना घालवू नये.

खर्च नेमका किती येतो?

शहर, दवाखाना, वेळ यांवर सगळं अवलंबून आहे. मी फक्त माझ्या वहीतलं सांगते. तपासणी पाचशे ते आठशे. एक्स-रे हजाराच्या आत-बाहेर. रात्रीची वेळ असली की दीडपट-दुप्पट. बुंदीची नसबंदी साडेसात हजार. खारीकच्या दाढा शेवटची दोन वर्षं दर दोन महिन्यांनी भूल देऊन घासाव्या लागायच्या, प्रत्येक खेपेला साडेतीन हजार. म्हणजे वर्षाचे एकवीस हजार एका सशाच्या दाढांवर. माझ्या स्वतःच्या दाढेचं रूट कॅनाल मी त्याच काळात सहा महिने पुढे ढकललं होतं. हे सांगताना अभिमान वाटत नाही.

लोक मोठ्या बिलाला घाबरतात. मला विचाराल तर घराचं कंबरडं मोडतं ते दर दोन महिन्यांनी येणाऱ्या बिलाने. एकदाचे वीस हजार माणूस उसने-पासने करून भरतो आणि विसरतो. साडेतीन हजार परत परत आले की नवरा-बायकोत बोलणं कमी होतं. म्हणून जुनाट दुखणं निघालं की डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा: हे किती दिवस, किती वेळा, वर्षाचा अंदाज काय? चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

आणखी एक प्रश्न आहे, तो विचारायला मला चार वर्षं लागली: ‘यातलं आज काय लागेलच आणि काय दोन दिवस थांबू शकतं?’ तपासण्यांची यादी पुष्कळदा निम्मी होते. वेदनाशामक, सलाईन आणि भरवणं मात्र यादीतून काढायचं नाही, पैसे कमी असतील तेव्हा तर मुळीच नाही.

एवढे पैसे नाहीत. स्वस्तात कुठे उपचार होतील?

पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने. मुंबईत परळला आहे, नागपूरला आहे, साताऱ्याकडे शिरवळला आहे, परभणी आणि उदगीरलाही आहे. ही सगळी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. शिकवण्याचा दवाखाना असल्याने शुल्क खाजगीपेक्षा बरंच कमी असतं. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: रांग, केसपेपर, आधी विद्यार्थी मग सर. परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. या सगळ्या ठिकाणी निघण्याआधी फोन करून ‘आज सशाला पाहणारं कुणी आहे का’ एवढं विचारून घ्या. तापलेल्या एसटीतून दोन तास नेलेला ससा वाटेतच अर्धा होतो.

वर्गणी काढणं हा उपाय आहे, पण एकदाच चालतो. आमच्या मैत्रिणींची भिशी आहे. एका वर्षी माझा नंबर लागायच्या आधी त्यांनी मला तो देऊन टाकला, खारीकसाठी. असं माणसांत मिसळलेलं असणं हीच खरी ठेव. बाकी दर महिन्याला पाचशे रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका. पोस्टाच्या आरडीत नको. ती पाच वर्षांची असते आणि रात्री दोनला मोडता येत नाही.

सशाचा विमा निघतो का?

आपल्याकडे पाळीव प्राण्यांचे विमे मुख्यतः कुत्र्यांचे, काही ठिकाणी मांजरांचे. घरातल्या सशाला त्यात जागा नसते. वरचे पाचशे रुपये हाच तुमचा विमा.

सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशात दहा ससे येतील. काय उत्तर देऊ?

येतील, हे खरं आहे. वाद घालू नका. जत्रेत किंवा प्राण्यांच्या बाजारात सशाची जोडी काही शे रुपयांना मिळते आणि त्यांचा हिशेब त्या किमतीवर चालतो. तुमचा आठ वर्षांच्या सहवासावर. दोन वेगळ्या वह्या आहेत, बेरीज जुळणारच नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगते. ज्या पिढीने घरातल्या माणसाचं ऑपरेशन पैशांअभावी पुढे ढकललेलं पाहिलंय, तिला सशाच्या एक्स-रेचं बिल पाहून राग येतो तो सशाचा नसतो. माझ्या आईने खारीकवर वर्षभर नाक मुरडलं. शेवटच्या महिन्यात मात्र दुपारचं भरवणं तिनेच अंगावर घेतलं, मला न सांगता. तिच्या हातून तो जास्त खायचा.

भूल दिली तर उठेल ना?

बहुतेक उठतात. ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भूल दिलेल्या निरोगी सशांपैकी ०.७३ टक्के दगावले, आजारी सशांपैकी ७.३७ टक्के. कुत्र्यांमध्ये सगळे मिळून ०.१७ टक्के. म्हणजे धोका कुत्र्यापेक्षा जास्त आहे आणि आजारपणात दसपट वाढतो. याचा सरळ अर्थ, जे ऑपरेशन करायचंच आहे ते ससा तब्येतीने असताना करा.

मादीची नसबंदी त्यातलं पहिलं. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय चारच्या पुढे गेलं की गर्भाशयाचा कर्करोग इतका जास्त आढळतो की जाणकार डॉक्टर स्वतःहून विषय काढतात. लघवीत रक्त दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या आत केलेलं स्वस्तही पडतं. शिवाय नर-मादी एकत्र असतील तर एका महिन्यात पिल्लं, आणि मग खर्चाचा प्रश्न वेगळ्याच पटीत.

दर चार तासांनी भरवून, औषधं देऊन मी पार थकलेय. चिडचिड होते, मग त्याचंच वाईट वाटतं. हे फक्त माझंच होतं का?

नाही. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मेरी बेथ स्पिट्झनेगेल यांनी २०१७ मध्ये जुनाट आजाराचे कुत्रे-मांजर सांभाळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी प्राणी असलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात ताण, नैराश्य आणि चिंतेची लक्षणं जास्त होती. घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांचा ताण ज्या मापाने मोजतात, तेच माप इथे बसवता आलं. सशाचं दुखणं त्याहून एकाकी, कारण सहानुभूतीचा पहिला शब्दही मिळत नाही. ‘कुत्रा आजारी आहे’ म्हटलं की साहेब निदान ‘अरेरे’ म्हणतात. ‘ससा आजारी आहे’ म्हटलं की हसतात. मी एकदा रजेच्या अर्जात ‘घरी आजारपण’ एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं.

आता करायचं काय ते सांगते.

आधी झोप. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की रात्रीचं भरवणं खरोखर लागतंय का. पहिले एक-दोन दिवस सोडले तर पुष्कळदा रात्री अकरा आणि पहाटे सहा असं जमवता येतं. दीड किलोच्या सशाला दिवसभरात मिळून साधारण पंचाहत्तर मिलिलिटर पातळ खाणं, म्हणजे पाच वेळा पंधरा-पंधरा, असा आमचा हिशेब होता. तुमचा डॉक्टरांकडून लिहून घ्या. माप माहीत नसलं की माणूस भीतीने दिवसभर भरवत बसतो आणि ससा आपल्याला पाहून पळायला लागतो. ते सगळ्यात जास्त लागतं मनाला.

भरवताना ससा टॉवेलमध्ये करंजीसारखा गुंडाळा, पाठीवर उताणा कधीच नाही. सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, बाजूने. एका वेळी एकच मिलिलिटर, चावू द्या, मग पुढचं. घाई केली की फुप्फुसात जातं. भरवून झालं की पाच मिनिटं नुसतं शेजारी बसा, हात न लावता. औषधाशिवायही आपण येतो हे त्याला कळू दे.

काम वाटून घ्या, आणि ते वहीत लिहा. आमच्याकडे हट्ट मुलाचा आणि सेवा आईची असं झालं होतं. बहुतेक घरांत होतं. मुलगा बारा वर्षांचा झाला तेव्हा रोजचं वजन त्याच्याकडे दिलं. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर टोपलीत ससा, आकडा वहीत. आठवड्यात शंभर ग्रॅम उतरलेले डोळ्यांना कळत नाहीत, वहीला कळतात.

आणि रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यातच रस वाटेनासा झाला असेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ‘सशासाठी रडतेय’ असं सांगायला संकोच वाटला तर कारण नंतर सांगा.

हा खर्च मुळात यायलाच नको असेल तर?

पूर्ण टळत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या दहा फोनांतले सहा-सात तरी खाण्यातून आलेले असतात.

सशाचं जेवण म्हणजे गवत. दिवसभर, हवं तितकं, ताटाचा मोठा भाग तोच. बाहेरून येणारं टिमोथी गवत महाग आहे. परवडत नसेल तर दूर्वा आहेत. गणपतीला आपण जिच्या जुड्या वाहतो तीच हरळी सशाला उत्तम. फवारणी नसलेल्या जागेवरची घ्या, धुऊन कोरडी करून द्या. गोठ्यावरून लसूणघास आणत असाल तर थांबा: पिल्लांना आणि गाभण मादीला तो ठीक, मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने लघवी पिठासारखी दाट होते. पावसाळ्यात वाळलेल्या गवताला बुरशीचा वास आला की पूर्ण पिशवी टाकून द्या, जीव तुटला तरी. पोळी, भात, बिस्किट, फरसाण बंद. गाजर म्हणजे सशाचा पेढा, रोज नाही.

ससा पाणी पीत नाही, पाणी प्यायला तर मरतो, असं पाच माणसांनी तरी तुम्हाला सांगितलं असेल. साफ खोटं. वजनाच्या मानाने तो आपल्याहून जास्त पाणी पितो. जड वाडग्यात ठेवा. आंघोळ मात्र घालू नका, ती खरंच जिवावर येते.

उन्हाळा: ससा घामावाटे थंड होत नाही, कानांवाटे होतो. पारा तिशीच्या पुढे गेला की धोका सुरू, आणि विदर्भात तर मेमध्ये पंचेचाळीस. शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर पसरू द्या, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. दिवाळीचे फटाके आणि विसर्जनाचे ढोल यांनी घाबरूनही खाणं थांबतं. त्या दिवसांत आतली खोली, खिडक्या बंद, आणि दर काही तासांनी लेंड्यांवर नजर. पावसाळ्यात शेपटीखालची जागा रोज पाहा. ओली, घाण राहिली की माशा अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या मांसात उतरतात. हे एकदा पाहिलेला माणूस परत पाहायचं विसरत नाही.

कुठे थांबायचं?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता विचारतात.

मर्यादा आधी लिहा. ससा गवत खात बसलेला असताना, घरातले सगळे टेबलाशी असताना, वहीच्या मागच्या पानावर. एका आजारपणाला जास्तीत जास्त किती रुपये. किती दिवस सिरिंजने भरवायचं. कोणकोणत्या गोष्टी त्याला करता आल्या तर आपण पुढे जायचं. आमच्या पानावर खारीकसाठी तीन होत्या: स्वतः उठून पाण्यापर्यंत जाणं, अंग चाटून स्वच्छ ठेवणं, बुंदीला चिकटून बसणं. ज्या आठवड्यात त्यातल्या दोन गेल्या, त्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांशी बोललो. दवाखान्याच्या बाकावर, रात्रीच्या वेळी, हातात बिल असताना घेतलेला निर्णय आणि ते पान यात फार फरक पडतो. पान आपणच लिहिलेलं असतं, म्हणून नंतर स्वतःला कमी टोचतं. टोचतं तरीही.

दयामरण देताना आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा, मग दुसरं. मांडीवर घेता येतं का विचारा.

पैसे संपले म्हणून थांबणं हे पाप आहे का? माझ्या मते नाही. चाळीस हजारांचं ऑपरेशन नाकारून वेदना न होता मरण देणं हा प्रामाणिक निर्णय आहे. पैसे नाहीत म्हणून वेदनाशामकाशिवाय पिंजऱ्यात ‘आपोआप जाईल’ म्हणून ठेवणं, हे मात्र मी कुणालाही माफ करत नाही.

बागेत किंवा टेकडीवर सोडून दिला तर? निसर्गात जगेल.

जगणार नाही. पाळीव ससा मूळचा युरोपातला, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला. आपल्या टेकड्यांवर दिसतो तो रानससा वेगळी जात आहे. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे, त्याला घरी आणायचं नाही आणि आपल्या सशाला तिकडे सोडायचं नाही. पांढऱ्या सशाला कुत्री-मुंगसं पहिल्या रात्रीच गाठतात. प्राण्याला उपाशी मरेल अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

मुलांना कसं सांगायचं?

‘गेला’ म्हणा. ‘झोपला’ म्हणू नका. लहान मूल त्या रात्री झोपायला घाबरतं. ‘गावाला पाठवला’ तर अजिबात नको, ते मूल दिवाळीत गावाला जाऊन शोधतं. आमच्या शेजारच्या मुलीने शोधला होता.

गेल्यावर शरीराचं काय करायचं?

आधी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन करा. मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली. स्वतःची जागा असेल तर खोल खड्डा, वर दगड. सोसायटीच्या बागेत गुपचूप पुरू नका, कुत्री उकरतात आणि मग ते दृश्य मुलांसमोर येतं.

जोडीतला एक गेला. दुसरा कोपऱ्यात बसून आहे. नवीन जोडीदार आणू का?

आज नको. शक्य असेल तर गेलेल्याचं शरीर तासभर त्याच्याजवळ राहू द्या. बुंदीने खारीकला हुंगलं, कान चाटला, दोनदा नाकाने ढकललं आणि मग त्याच्याकडे पाठ करून बसली. ज्यांनी शरीर दाखवलं नाही त्यांचे ससे दिवसच्या दिवस शोधत राहिलेले मी पाहिलेत.

गेलेल्याचा पिंजरा लगेच धुऊ नका, वास राहू द्या. मऊ खेळणं शेजारी ठेवलं तर काही ससे त्याला चिकटून बसतात. नवा ससा आणायचाच असेल तर महिना-दोन महिने जाऊ द्या, नसबंदी झालेला आणा, आणि आधी वेगळ्या पिंजऱ्यांतून एकमेकांची ओळख होऊ द्या. एकदम एकत्र सोडले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. आम्ही अजून आणलेला नाही.

या दिवसांत तुम्ही स्वतः दुःखात असता आणि नेमकं तेव्हाच मागे राहिलेल्याचं खाणं सुटतं. पहिले तीन दिवस त्याचं वजन रोज घ्या, लेंड्या मोजा, वहीत लिहा. दहा तास काही खाल्लं नसेल तर या पानावरच्या पहिल्या प्रश्नाकडे जा.